फोन घेणाऱ्याला दंड, फोन करणाऱ्याचे काय?

नंदनवनात सायंकाळी जगनाडे चौकाजवळ दहा मिनिटे उभे राहिले, की नागपूरचा निम्मा किरकोळ व्यापार डोळ्यांसमोरून जाताना दिसतो. इतवारीहून किराणा आणि कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे मालवाहू ऑटो, केडीके कॉलेजकडे सवारी घेऊन निघालेल्या रिक्षा, पाठीवर चौकोनी पिशवी बांधून जेवण पोचविणारी तरुण पोरे, दिघोरी-खरबीकडे माल टाकायला निघालेले छोटा हत्ती. या गर्दीत गाडी चालवताना फोनवर असलेला माणूस शोधावा लागत नाही. कोणी मान वाकडी करून खांद्यात फोन धरलेला आहे, कोणी हेल्मेटच्या फटीत खुपसलेला आहे, तर कोणी हँडलवरच्या होल्डरमध्ये लावलेल्या पडद्यावर अंगठा फिरवत वळण घेत आहे.

हे दृश्य पाहून पोरांच्या बेशिस्तीवर चार शब्द लिहावेत, असा मोह होतो. आम्हालाही झाला असता. पण गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग आम्हाला तसे लिहू देत नाही.

त्या दिवशी आम्ही इतवारीहून निघालेल्या कागदाच्या रिमांची वाट पाहत होतो. माल आणणारा ऑटोवाला आमच्या चांगल्या ओळखीचा. अर्ध्या तासात आम्ही त्याला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी त्याने उचलला. "कुठे पोचलास रे भाऊ?" आम्ही विचारले. "आलोच साहेब, नंदनवनात शिरलो," असे तो म्हणाला आणि लगेच एक आवाज झाला. फोन चालूच होता, तो आवाज आम्ही आमच्या कानाने ऐकला. ओल्या रस्त्यावर त्याचा ऑटो घसरून फळांच्या हातगाडीवर गेला होता. हातगाडीवाले चाचा क्षणभर आधी बाजूला झाले म्हणून वाचले. ऑटोवाल्याचे मनगट मोडले. दंड त्याला झाला, लायसन्स तीन महिन्यांसाठी त्याचे निलंबित झाले, हातगाडीची भरपाईही त्याच्याकडेच मागितली गेली. फोन मात्र आम्ही केला होता. आम्हाला कोणी काही विचारले नाही.

म्हणून या लेखात कायदा काय आहे ते सांगताना तो गाडीवर बसलेल्यालाच नव्हे, तर गल्ल्यावर बसलेल्यालाही सांगण्याचा आमचा इरादा आहे.

कायदा काय म्हणतो?

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्या वेळी देशात मोबाईल फोन नव्हता. भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. साहजिकच मूळ कायद्यात फोनचा उल्लेख नव्हता. धोकादायक रीतीने वाहन चालविल्याबद्दलचे कलम १८४ होते आणि फोनवर बोलणारा चालक त्यात बसतो की नाही, हे प्रत्येक प्रकरणी ठरवावे लागे. ही पोकळी किती मोठी होती ते २०१८ मध्ये केरळात दिसले. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका झाल्याचे दिसल्याशिवाय, केवळ गाडी चालवताना फोनवर बोलला म्हणून तेथील पोलीस कायद्याच्या कलमाखाली गुन्हा होत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने त्या वर्षी ठरविले.

पुढच्याच वर्षी संसदेने ही पोकळी भरून काढली. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये संसदेत संमत झाले. ते मांडणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार, म्हणजे नंदनवनच्या मतदारांचे प्रतिनिधी, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने कलम १८४ ला स्पष्टीकरण जोडले. लाल दिवा तोडणे, थांबण्याची खूण न मानणे, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे यांच्याच पंक्तीत 'वाहन चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर' हे शब्द आले.

शिक्षाही साधी नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे न्यायालयात न जाता तडजोड शुल्क भरून मिटतात. हे शुल्क ठरविण्याचा अधिकार कलम २०० अन्वये राज्य सरकारला आहे. महाराष्ट्राने २०१९ मध्ये नवे दर लगेच लागू केले नाहीत. ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. ई-चलान आता चालकाच्या हातात पावती न देताही गाडीच्या नंबरावर येऊन पडते. गाडी मालकाची असेल, तर चलान मालकाच्या मोबाईलवर येते आणि ते कोणी भरायचे यावरून दुकानात वाद होतो. पगारातून कापून तो वाद मिटविणारे मालक बरेच असतील. पण त्या वेळी फोन कोणाचा आला होता, हे विचारणारे फारसे नसतील.

रस्ता पाहण्याची सवलत

"मग नकाशाही पाहायचा नाही का?" असा प्रश्न प्रत्येक रिक्षावाला विचारतो आणि तो रास्त आहे. नवे लेआउट, सारख्याच नावाच्या गल्ल्या आणि नंबर नसलेली घरे यांत नकाशावाचून माल पोचविणे कठीण झाले आहे. सरकारने हे ओळखले आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतील बदलानुसार हातातल्या संपर्क साधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

या वाक्यातील 'केवळ' हा शब्द व्यापारी बांधवांनी नीट वाचावा. सवलत मार्ग पाहण्याला आहे. नवी ऑर्डर स्वीकारण्यासाठी बटण दाबणे, 'माल पोचला' अशी खूण करणे, गिऱ्हाईकाला निरोप टाइप करणे, पैसे जमा झाले का ते पाहणे, यांतले काहीही मार्ग पाहणे नव्हे. ॲपवर काम करणाऱ्या पोराच्या पडद्यावर मात्र नकाशा आणि ही सगळी बटणे शेजारी शेजारी असतात. कायद्याने एका कामाला मुभा दिली, धंद्याने त्याच पडद्यावर दहा कामे ठेवली. नकाशा पाहणारा अंगठा कधी ऑर्डरच्या बटणावर गेला, हे त्या पोरालाही कळत नाही.

कानात इअरफोन घालून बोलणाऱ्यांचाही एक गैरसमज आहे. हात मोकळे आहेत म्हणजे कायदा आपल्याला लागू नाही, असे त्यांना वाटते. कलम १८४ चे स्पष्टीकरण हातात धरायच्या साधनाबद्दल बोलते हे खरे. पण त्याच स्पष्टीकरणात शेवटी, सक्षम व सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाचे वाहन चालविणे, हाही प्रकार दिलेला आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम २१ पाहावा. लायसन्स निलंबित करण्यास पुरेशी ठरणारी कृत्ये त्यात मोजून दिली आहेत. त्यांतले पंचविसावे कृत्य 'वाहन चालवताना मोबाईल फोनचा वापर' असे सरळ आहे. तेथे 'हातात' हा शब्द नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी शरीराचा हिशेब बदलत नाही. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि इअरफोनवर बोलणे हातात फोन धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण हात मोकळे असले तरी मन गिऱ्हाईकाच्या तक्रारीत अडकलेले असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ऑटो तीन सेकंदांत ३३ मीटर पुढे जातो. पडद्यावरचे नाव वाचून हिरवे बटण दाबायला तीन सेकंद सहज लागतात. तेवढ्या ३३ मीटरांत शाळेतून घरी निघालेले एक पोर रस्ता ओलांडून जाते.

पडदा डॅशबोर्डवर असला तरी

आता नव्या मोटारींत आणि काही मालवाहू गाड्यांतही डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन येतो. तो हातात धरलेला नसतो, म्हणून आपला कायदा त्याचे नाव घेऊन काही बोलत नाही. तरीही ही पळवाट मानू नये. जर्मनीत एका चालकाने भर पावसात गाडीच्या टचस्क्रीनवर वायपरचा वेग बदलायला नजर वळवली आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. मार्च २०२० मध्ये कार्ल्सरूह येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने त्याचा २०० युरो दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. वायपर हा गाडीचाच भाग आहे, हा बचाव चालला नाही. पडदा कशासाठी वापरला यापेक्षा नजर रस्त्यावरून हटली का, याला न्यायालयाने महत्त्व दिले.

मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासूनच्या आपल्या निकषांत पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या कामांना हाताला लागणारी खरी बटणे असावीत, अशी भूमिका घेतली आहे. ब्रिटनने मार्च २०२२ मध्ये आपला कायदा अधिक कडक केला. तेथे फोन हातात घेऊन फोटो काढणे किंवा गाणे बदलणेही गुन्हा आहे, आणि लाल दिव्यापाशी गाडी उभी असतानाही ती सूट नाही. आपल्याकडे तर लाल दिवा लागला की खिशातून फोन निघतो, आणि दिवा हिरवा झाला तरी मागच्याचा हॉर्न ऐकेपर्यंत मान वर होत नाही.

लायसन्स गेले तर

दंडाची रक्कम माणूस कशीबशी भरतो. धंदेवाल्याला खरा मार बसतो तो लायसन्सचा. रस्ता सुरक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितले, की अतिवेग, लाल दिवा तोडणे, दारू पिऊन चालविणे यांच्याप्रमाणेच फोनवर बोलत वाहन चालविणाऱ्याचेही लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये पोटकलम जोडून पोलिसांना असे लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठविण्याचा अधिकार दिला. कलम १९ नुसार निलंबनाआधी चालकाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. हे हक्क पुष्कळांना ठाऊकच नसतात, म्हणून येथे सांगितले.

आता साधा हिशेब करू. समजा, एका ऑटोवाल्याच्या हातात डिझेल आणि दुरुस्ती वजा जाता दिवसाला ६०० रुपये राहतात आणि महिन्याचे २६ दिवस तो गाडी काढतो. तीन महिन्यांचे ७८ दिवस घरी बसला, तर ४६,८०० रुपये गेले. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही; पोरांची फी आणि घरभाडेही थांबत नाही. एका फोनची ही किंमत आहे, आणि यात दवाखाना धरलेलाच नाही.

काही जण निलंबन असतानाही गाडी काढतात. ती दुसरी आणि मोठी चूक. कलम १८२ नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि गाडी मालकाची असेल व त्याने जाणूनबुजून ती अशा माणसाच्या हाती दिली, तर कलम १८० खाली मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. अशा स्थितीत अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग धरू शकते.

अपघातात कोणाचा जीव गेला, तर पुढचे सगळेच बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तपासात फोनच्या नोंदी मागविता येतात. कोणता फोन किती वाजता आला आणि किती वेळ चालला, हे तेथे लिहिलेले असते. त्या नोंदीत दुकानाचा नंबर असतो.

सरकारच्या अहवालात २०२१ साली देशभरात फोनच्या वापरामुळे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षीच्या दीड लाखाहून अधिक रस्ता-मृत्यूंसमोर हा आकडा लहान दिसेल. पण फोनचा पुरावा रस्त्यावर पडून राहत नाही. टायरची खूण दिसते, दारूचा वास येतो. तीन सेकंद नजर हटली होती हे चालकाशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि पुष्कळदा तोच सांगायला उरत नाही.

गल्ल्यावरून काय करता येईल?

नागपुरात यंत्राचा उपयोग रस्ता सुरक्षेसाठी करण्याचा एक प्रयोग झाला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयरास्ते' हा प्रकल्प महापालिकेच्या सहभागाने येथे सुरू झाला. शहर बसमध्ये कॅमेऱ्याची उपकरणे बसवून समोर धोका दिसताच चालकाला आवाजाने सावध करायचे, अशी ती योजना. म्हणजे यंत्र चालकाची नजर रस्त्यावर परत आणू पाहते आणि आम्ही फोन करून तीच नजर रस्त्यावरून काढून घेतो. बसचे यंत्र प्रत्येक ऑटोला परवडणार नाही. पण पुढील गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट, माल निघण्याआधीच पूर्ण पत्ता, जवळची ओळखीची खूण आणि घेणाऱ्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा. रस्त्यात होणारे कितीतरी फोन पत्त्यासाठीच असतात. अर्धवट पत्ता देऊन माणूस पाठविणे म्हणजे रस्त्यात फोन वाजण्याची सोय आपणच करून ठेवणे.

दुसरी, निघताना एक आणि पोचल्यावर एक, असे दोनच निरोप ठरवावेत. मधल्या वेळात दुकानातून फोन जाणार नाही, हा नियम मालकाने स्वतः पाळावा. मालकाने पाळला तर मुनीम पाळतो.

तिसरी, अगदीच फोन करावा लागला तर पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" हा असावा. "हो" म्हटले की "बाजूला थांबून लाव" एवढेच सांगून आपण ठेवून द्यावे. फोन ठेवण्याचे काम करणाऱ्याने करावे. कारण मालकाचा फोन कापण्याची हिंमत नोकरात नसते.

चौथी, चालकाने निघण्यापूर्वी मार्ग लावून घ्यावा, आवाज चालू ठेवावा आणि फोनमधला ड्रायव्हिंग मोड सुरू करावा, म्हणजे येणारे फोन वाजत नाहीत. ऑर्डर स्वीकारायची ती गाडी बाजूला उभी करूनच. एखादी ऑर्डर सुटेल. सुटू द्यावी.

पाचवी गोष्ट गिऱ्हाईकांसाठी, म्हणजे आपणा सर्वांसाठी. बिर्याणी पाच मिनिटे उशिरा आली तरी ती बिर्याणीच असते. पडद्यावर गाडीचे चित्र पुढे सरकताना दिसत असूनही "कहाँ तक पहुँचे भाई?" असा फोन करणाऱ्याला माहिती नको असते, घाई करायची असते. ती घाई रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाते.

पोलिसांनी चौकात उभे राहून पावत्या फाडाव्यात, कॅमेऱ्यांनी नंबर टिपावेत, त्याला आमची हरकत नाही. पण कायद्याची नजर फोन घेणाऱ्या हातापर्यंतच पोचते. करणाऱ्या हातापर्यंत पोचत नाही. तेथपर्यंत माणसाची स्वतःची लाज पोचली पाहिजे. दुसऱ्याच्या पोटाची घाई करून आपला गल्ला भरणे हा सचोटीचा व्यापार नव्हे, एवढे तरी आपण मान्य करतो.

आमच्या त्या ऑटोवाल्याचे मनगट आता जुळले आहे. थंडीत दुखते, असे तो सांगतो. तीन महिन्यांच्या काळात त्याचे हप्ते थकले, त्यांतला थोडा भार आम्ही उचलला. तो उपकार नव्हता, देणे होते. तो आजही आमचा माल आणतो. परवा माल यायला पाऊण तास उशीर झाला. फोन समोर टेबलावर होता. दोनदा हात पुढे गेला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी दाराशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. तो उतरून हसत म्हणाला, "साहेब, आज तुमचा फोनच नाही आला!"

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच आहे, की उद्या आपला माल रस्त्यात असेल तेव्हा आपणही हात मागे घ्यावा.